जुन्या जीपचा प्रकाश कोठे हरवतो

स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांच्या कारभाराचा इतिहास ज्याला लिहावयाचा असेल, त्याला मामलेदार कचेरीच्या दप्तराइतकीच जीप या वाहनाचीही दखल घ्यावी लागेल; कारण जेथे पक्की सडक संपून बैलगाडीची वाट सुरू होई, तेथून पुढे महसूल, जंगल, पाटबंधारे अशा निरनिराळ्या खात्यांचे अंमलदार ज्या वाहनाच्या भरवशावर फिरतीस निघत, ते चारही चाकांना गती देणारे, कॅनव्हासच्या छताचे हेच वाहन होते. १९४५ साली 'महिंद्र अँड महंमद' या नावाने स्थापन झालेल्या आणि १९४८ साली 'महिंद्र अँड महिंद्र' असे नामांतर पावलेल्या कंपनीने अमेरिकेतील विलीज कंपनीच्या जीपगाड्यांची जुळणी मुंबईस माझगाव येथे आरंभिली, पुढे परवान्याखाली त्यांचे उत्पादनच येथे होऊ लागले, आणि १९५३ साली अमेरिकेत अवतरलेल्या उंच बोनेटच्या सीजे-३बी या आवृत्तीचे वंशज आपल्याकडे कित्येक दशके तयार होत राहिले. त्यांपैकी पुष्कळ गाड्या निर्लेखित होऊन सरकारी लिलावांतून खाजगी मालकांच्या हाती आल्या; आणि ज्यांना यंत्राविषयी जिव्हाळा आहे अशा लोकांनी इंजिन, गिअर, कमानपाटे यांची निगुतीने दुरुस्ती करून त्या आज पुन्हा चालत्या केल्या आहेत.

अशा मालकांची एक तक्रार मात्र सार्वत्रिक आहे. दिवे लागतात, पण रस्ता दिसत नाही. कुंभार्ली किंवा आंबोलीचा घाट रात्री उतरताना काचेत एक तांबूस-पिवळा गोळा तेवढा जिवंत आहे आणि त्याचा उजेड बंपरच्या पुढे दहा-पंधरा पावलांवरच विरून जातो, असा अनुभव पुष्कळांना येतो. ही केवळ गैरसोय नव्हे. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन सेकंदाला सुमारे ११ मीटर अंतर कापते. चालकाच्या लक्षात अडथळा येऊन त्याचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला असे धरले, तर तेवढ्यातच १६-१७ मीटर सरतात, आणि ड्रम-ब्रेक चांगल्या स्थितीत असले तरी थांबावयास आणखी १२ मीटर सहज लागतात. म्हणजे जवळजवळ ३० मीटरपर्यंतचा रस्ता स्पष्ट दिसल्यावाचून हा माफक वेगही सुरक्षित म्हणता येत नाही. शिवाय दिव्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की उजेड निम्मा न होता चतुर्थांश होतो, हा प्रकाशाचा स्वभाव आहे. त्यामुळे दिव्यात आलेली थोडीशी मंदता दूरवरच्या खड्ड्याला किंवा वळणावरच्या दगडी कठड्याला पूर्णपणे अंधारात ढकलते.

यावर बहुतेकांना सुचणारा उपाय म्हणजे अधिक वॅटचा बल्ब आणून बसवणे. तो उपाय चुकीचा आहे, आणि बहुधा अपायकारकही आहे, असे माझे स्पष्ट मत आहे; कारण जुन्या जीपचा प्रकाश दिव्यात क्वचितच हरवतो. बॅटरीतून निघून दिव्यापर्यंत येणाऱ्या वाटेतच त्याचा बराचसा हिस्सा खर्ची पडलेला असतो, आणि ती वाट दुरुस्त केल्यावाचून दिव्यावर केलेला खर्च वाया जातो.

हे समजण्यासाठी मूळच्या दिव्याचा थोडा पूर्ववृत्तान्त पाहणे उपयोगाचे ठरेल. १९४० पूर्वीच्या मोटारींत बल्ब, परावर्तक आणि काच हे तीन सुटे भाग असत. परावर्तकावर बहुधा चांदीचा मुलामा असे. फटींतून धूळ व दमट हवा आत शिरे, चांदी काळवंडे, आणि ती पुसण्याच्या प्रयत्नात तिच्यावर ओरखडे पडून दिव्याचे तेज कायमचे उणावे. या दोषावर अमेरिकेतील उत्पादकांनी १९४० च्या गाड्यांपासून एक मूलगामी तोडगा अमलात आणला: तंतू, परावर्तक आणि काच ही तिन्ही एकाच हवाबंद काचपात्रात कायमची सांधून टाकली आणि त्या पात्राचा व्यास ७ इंच असा सर्वांसाठी ठरवून दिला. हाच सील्ड बीम. युद्धकाळातील विलीज एमबी जीपमध्ये हे तत्त्व होतेच. तिचे दिवे मात्र आकाराने लहान असून लोखंडी पट्ट्यांच्या जाळीमागे बिजागरीवर बसवलेले होते, आणि रात्री इंजिनात काही बिघाड झाला तर ते मागे उलटवून त्यांचाच उजेड इंजिनावर पाडता येई. सैनिकी गरजेतून जन्मलेली ही कल्पना मला फार हृद्य वाटते. युद्ध संपल्यावर १९४५ साली निघालेल्या सीजे-२ए या नागरी जीपमध्ये ७ इंची मोठे दिवे आले, आणि तो व्यास पुढील जीपगाड्यांत, आपल्याकडील अँबॅसॅडर मोटारीत आणि बुलेट मोटारसायकलीतही कायम राहिला. जुन्या जीपच्या मालकाला आज बाजारात दिव्याचा 'डूम', म्हणजे काच व परावर्तक यांचा जोड, सहज मिळतो आणि पत्र्याला कात्री न लावता तो मूळच्या जागी बसतो, याचे श्रेय त्या जुन्या प्रमाणीकरणाला द्यावयास हवे.

या इतिहासातून एक निष्कर्ष निघतो. सील्ड बीमचा परावर्तक हवाबंद असल्यामुळे तो वर्षानुवर्षे जवळजवळ नवाच राहतो. तेव्हा असा दिवा मंद झाला असेल तर संशयाची सुई दिव्याकडून तारांकडे वळली पाहिजे.

तापलेल्या टंगस्टनच्या तंतूचा प्रकाश हा त्याला मिळणाऱ्या विद्युद्दाबावर फार तीव्रतेने अवलंबून असतो. दाब एक दशांशाने घटला तर प्रकाशही एक दशांशाने घटेल असे सामान्य बुद्धीला वाटते. वस्तुस्थिती अशी की प्रकाश दाबाच्या सुमारे ३.४ व्या घाताच्या प्रमाणात बदलतो, आणि म्हणून दाब १० टक्क्यांनी उतरला की प्रकाश जवळजवळ ३० टक्क्यांनी उतरतो, तर दाब २० टक्क्यांनी उतरला की निम्म्याहून अधिक प्रकाश नाहीसा होतो. जो काही उजेड उरतो त्याचा रंगही तांबडा होत जातो; तंतूचे तापमान उतरल्याची ती खूण आहे. इंजिन चालू असताना बॅटरीच्या टोकांशी १३.५ व्होल्ट असावेत आणि बल्बच्या पायाशी ११.५ व्होल्टच पोचावेत, ही स्थिती चाळीस-पन्नास वर्षांच्या वायरिंगमध्ये मुळीच विरळा नाही. दोन व्होल्टची ही तूट कागदावर किरकोळ दिसते. हिशेब केला असता दिवा आपल्या सामर्थ्याच्या सुमारे ५८ टक्केच प्रकाश देत असतो.

ही तूट होते कोठे? जीपची बॅटरी बोनेटखालीच असते आणि दिवेही तिच्यापासून हातभर अंतरावर असतात, परंतु विजेला या दोहोंमधला जवळचा मार्ग दिलेला नसतो. ती प्रथम मागे फिरून डॅशबोर्डवरील अँमीटरमध्ये जाते, तेथून दिव्यांच्या ओढण्याच्या स्विचमध्ये, तेथून क्लचपाशी फरशीवर बसवलेल्या, पायाने दाबून झोत वर-खाली करण्याच्या डिपरमध्ये, मग पुन्हा पुढे येऊन मडगार्डजवळच्या जोडपट्टीवर, तेथून दोन वाटांनी दोन दिव्यांत. आणि काम संपल्यावर जाळीचा पत्रा, बोल्ट, चासी व शेवटी बॅटरीची 'अर्थ'ची पट्टी अशा मार्गाने ती बॅटरीत परतते. पूर्वी गावोगावच्या नाक्यांवर मालाच्या गाड्यांकडून जकात वसूल केली जाई, तशीच या वाटेवरील प्रत्येक जोड, प्रत्येक स्विच आणि तारेचा प्रत्येक हात विद्युद्दाबातून आपला हिस्सा कापून घेतो, आणि दिव्याच्या पदरात पडतो तो उरलासुरला दाब. ६० वॅटचे दोन तंतू मिळून सुमारे १० अँपियर प्रवाह ओढतात. ओहमच्या नियमाप्रमाणे वाटेत एक दशांश ओहम एवढा क्षुल्लक रोध असला तरी या प्रवाहाला १ व्होल्ट गमवावा लागतो. कारखान्यातून गाडी निघाली तेव्हा ही वसुली माफक होती. पुढे स्विचच्या आतील पितळी जिभा जळून खवल्या, डिपरमध्ये चिखलपाणी शिरले, कोणी तार तोडून नुसता पीळ देऊन वर काळी पट्टी गुंडाळली, आणि दर मुक्कामी दर चढत गेला.

रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ले या बाजूच्या गाड्यांत हा विकार अधिक लवकर जडतो. समुद्रावरून येणाऱ्या हवेतील क्षार आणि चार महिन्यांची सततची ओल यांमुळे तांब्यावर हिरवा थर चढतो, आणि तो थर तारेच्या उघड्या टोकापुरता न थांबता वेष्टनाच्या आत वीतवीतभर सरकत गेलेला आढळतो. अशी तार वरून पाहता धडधाकट दिसते. चाकूने वेष्टन सोलून पाहावे आणि आतले तांबे लालसर-चकचकीत नसून काळे किंवा हिरवे दिसले, तर ती तार साफ करीत बसण्यात अर्थ नाही. ती सरळ बदलावी.

दुसरे एक कारण विपरीत आहे आणि त्याकडे लक्ष वेधणे अवश्य वाटते. पुष्कळ मालकांचा असा अनुभव असतो की गाडीची संपूर्ण डागडुजी करून तिला नवा रंग दिल्यानंतर दिवे पूर्वीपेक्षाही मंद झाले. यात गूढ काही नाही. परतीचा मार्ग पत्र्यातून जातो, आणि रंगाऱ्याने जाळी, दिव्याची वाटी, मडगार्ड हे सारे सुटे करून त्यांच्या सांध्यांवरही सुरेख, जाड व पूर्णपणे वीजरोधक असा रंगाचा थर दिलेला असतो. मग बोल्टच्या दोन-चार आट्यांतून मिळेल तेवढीच वाट विजेला उरते. येणाऱ्या तारेची काळजी सर्वजण घेतात. परतीची वाट तितकीच महत्त्वाची असूनही ती डोळ्यांना दिसत नाही म्हणून उपेक्षिली जाते.

तेव्हा दुरुस्तीचा प्रारंभ तपासणीने व्हावा, आणि ती अंदाजाने न करता मोजून करावी. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा कोणत्याही जिल्ह्याच्या गावी विजेच्या सामानाच्या दुकानात मिळणारा साधा मल्टीमीटर या कामास पुरेसा आहे. येथे एक चूक हमखास घडते: बल्ब काढून घेतात, रिकाम्या सॉकेटमध्ये मीटरची टोके लावतात, आणि बारा-साडेबारा व्होल्ट दिसले की वायरिंग निर्दोष आहे असा निर्वाळा देतात. परंतु मीटर जवळजवळ प्रवाह ओढतच नाही, आणि प्रवाह नसेल तर रोधावर दाब खर्ची पडत नाही. त्यामुळे एका धाग्याने लोंबकळणारी तारही या परीक्षेत उत्तीर्ण होते. योग्य परीक्षा दिवा जळत असतानाच घ्यावी लागते. इंजिन मध्यम गतीवर ठेवून दिवे लावावेत, मीटरचे लाल टोक बॅटरीच्या धन खुंटीवर आणि काळे टोक बल्बच्या जोडणीतील विजेच्या टोकावर, बल्ब न काढता, टेकवावे. जे वाचन मिळेल ती जाण्याच्या वाटेवरील एकूण तूट. नंतर लाल टोक बल्बच्या 'अर्थ'च्या टोकावर आणि काळे बॅटरीच्या ऋण खुंटीवर ठेवावे. ती परतीची तूट. दोन्ही मिळून अर्ध्या व्होल्टच्या आत असतील तर वाट निर्मळ आहे असे समजावे. त्याहून अधिक असतील तर लाल टोक बॅटरीवरच ठेवून काळे टोक एकेक जोड मागे आणीत जावे. ज्या जोडाच्या अलीकडे व पलीकडे वाचनात मोठी तफावत पडते, तेथेच चोरी आहे. एवढ्या साधनाने, काहीही न उसकटता, दोष नेमका सापडतो, आणि मला ही पद्धत शास्त्रीय विचाराचा एक सुंदर लहानसा नमुना वाटते.

मीटरला हात लावण्यापूर्वी डोळ्यांनीही पुष्कळ कळते. अॅक्सिलरेटर दाबताच दोन्ही दिवे उजळतात आणि सोडताच मावळतात, असे असेल तर आधी डायनॅमो, त्याचा पट्टा, रेग्युलेटर आणि बॅटरी यांची चौकशी करावी. एक दिवा तेजस्वी व दुसरा मंद असेल तर त्या दुसऱ्याच दिव्याचा जोड किंवा 'अर्थ' बिघडलेला आहे. आणि डिपर लावला असता दोन्ही तंतू अर्धवट तांबूस दिसू लागले, किंवा बाजूचा छोटा दिवा अकारण मिणमिणू लागला, तर परतीची वाट तुटल्यामुळे वीज दुसऱ्या तंतूतून आडमार्गाने परतत आहे हे निश्चित समजावे.

दोष सापडल्यावर त्याचे निवारण साधे आहे. जोडांची टोके पॉलिश पेपरने घासून उजळावीत, घट्ट बसवावीत, आणि वर व्हॅसलीनचा पातळ थर द्यावा, म्हणजे पावसाळ्यात हवा व पाणी तेथे पोचत नाही. प्रत्येक दिव्याच्या 'अर्थ'च्या टोकापासून एक स्वतंत्र काळी तार काढून ती थेट चासीवरील, रंग खरवडून स्वच्छ केलेल्या बोल्टला किंवा सरळ बॅटरीच्या ऋण खुंटीला जोडावी. पत्र्याच्या भरवशावर राहू नये. बॅटरीपासून चासीला आणि चासीपासून इंजिनला जाणाऱ्या विणलेल्या पट्ट्याही सोडून, घासून, पुन्हा आवळाव्यात. पुष्कळ गाड्यांत एवढ्यानेच दिव्यांचा कायापालट होतो.

परंतु मूळ आखणीतला लांबचा फेरा तसाच राहतो, आणि तो चुकविण्याचे जे साधन आहे त्याची, म्हणजे रिलेची, थोडी विस्ताराने ओळख करून देणे योग्य होईल. रिले हा विद्युच्चुंबकाने चालणारा स्विच आहे. त्याच्या गुंडाळीला अँपियरच्या पाचव्या हिश्शाइतका अल्प प्रवाह मिळाला की तिचे चुंबक होते, ते एका लोखंडी पट्टीला ओढते, आणि त्या पट्टीच्या टोकाशी असलेला जाड संपर्क मिटून दिव्याचा मोठा प्रवाह दुसऱ्याच, जवळच्या वाटेने वाहू लागतो. जुना स्विच आणि जुना डिपर यांच्याकडे मग हुकूम देण्याचे काम उरते. भार वाहण्याचे काम त्यांच्यावरून उतरते. रिलेच्या पायांवर आकडे कोरलेले असतात: ३० क्रमांकाच्या पायाला बॅटरीच्या धन खुंटीवरून फ्यूजमार्गे आलेली जाड तार, ८७ ला दिव्याकडे जाणारी तार, आणि ८५ व ८६ यांपैकी एकाला पूर्वी दिव्याला जाणारी डिपरची जुनी तार व दुसऱ्याला 'अर्थ'. वरच्या प्रकाशासाठी एक आणि खालच्यासाठी एक, असे दोन रिले लागतात. चालकांच्या भाषेत एक अप्परचा व एक डिपरचा. प्रत्यक्ष गाडी चालवताना यात काहीही बदल जाणवत नाही. तोच खुंटीचा स्विच ओढावयाचा आणि तोच पायाचा डिपर दाबावयाचा.

तारेच्या जाडीबाबत काटकसर करू नये. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.०१७ ओहम असतो. तिच्या चार मीटर लांबीतून १० अँपियर नेले तर पाऊण व्होल्टच्या आसपास तेथेच संपतो. अडीच चौरस मिलिमीटरची तार घेऊन मार्ग दीड मीटरवर आणला, तर ही हानी एक दशांश व्होल्टच्या जवळपास येते. फ्यूज बॅटरीच्या शक्य तितका जवळ असावा, कारण फ्यूजच्या अलीकडील तार पत्र्यावर घासून उघडी पडली तर तिला कोणाचेच संरक्षण नाही. आणि दोन्ही दिवे केवळ त्या एकाच फ्यूजच्या भरवशावर कदापि ठेवू नयेत. घाटातील वळणावर तो एक फ्यूज गेला तर दोन्ही डोळे एकदम मिटतात. रिलेच्या पुढे प्रत्येक तंतूला १० अँपियरचा स्वतंत्र फ्यूज दिला तर एक दिवा गेला तरी दुसरा वाट दाखवीत राहतो. जुन्या वाहनाचे मूळ रूप जपणाऱ्यांनाही या योजनेत आक्षेप घेण्यासारखे काही नाही, कारण मूळ तारा कापाव्या लागत नाहीत, रिले मडगार्डच्या आत दडतात, आणि मनात येईल तेव्हा सारे काढून गाडी पूर्ववत करता येते.

आता अधिक वॅटच्या बल्बाकडे वळू. आपल्या बाजारात १००/९० वॅटचे बल्ब वर्षानुवर्षे विकले गेले आहेत. जुन्या वाटेचा रोध दोन दशांश ओहम धरला, तर ६० वॅटच्या जोडीला २ व्होल्ट गमवावे लागत होते आणि २० वॅट उष्णता जोडांत व स्विचात मुरत होती. तेथे १०० वॅटची जोडी बसविली की प्रवाह पंधरा-सोळा अँपियरवर जातो, तूट ३ व्होल्टच्या घरात पोचते, आणि जोडांत मुरणारी उष्णता दुपटीहून अधिक होते. उजेडात पडणारी भर खर्चाच्या मानाने थोडी. पण डॅशबोर्डमागचा स्विच हाताला चटका देऊ लागतो, आणि सुती विणीच्या आत जुने, तडकलेले रबर असलेल्या तारांना ती उष्णता सोसत नाही. ज्या गाडीच्या पेट्रोलच्या टाकीवरच चालक बसलेला असतो, त्या गाडीत हा धोका पत्करणे मला अक्षम्य वाटते.

वाट दुरुस्त झाल्यावर दिवा सुधारावयाचा असेल तर त्याला योग्य मार्ग आहे. सील्ड बीमऐवजी, किंवा आपल्याकडील जुन्या डूममध्ये असणाऱ्या ४५/४० वॅटच्या साध्या बल्बाऐवजी, एच-४ या जातीचा ६०/५५ वॅटचा हॅलोजन बल्ब घेणारा संपूर्ण ७ इंची डूम बसवावा. साध्या बल्बात तंतूचे टंगस्टन हळूहळू उडून काचेवर काळा थर जमतो आणि तंतू क्षीण होतो. हॅलोजन बल्बात अल्प प्रमाणात असलेले आयोडीन किंवा ब्रोमीन त्या वाफेशी संयोग पावून टंगस्टन पुन्हा तंतूपाशी आणून सोडते, म्हणून तंतू अधिक तापवता येतो आणि काच स्वच्छ राहते. मोटारींसाठी हॅलोजनचे दिवे युरोपात १९६२ साली आले, आणि दोन तंतूंचा एच-४ हा १९७१ साली. १३.२ व्होल्ट मिळाले असता त्याचा प्रकाश वरच्या तंतूला १६५० आणि खालच्या तंतूला १००० ल्यूमेन इतका गणला जातो. जुन्या बल्बाचे बूड आणि एच-४ चे बूड वेगळे असते, ठोकठाक करून एकाच्या जागी दुसरे बसविता कामा नये. तंतू परावर्तकाच्या केंद्रापासून दोन-तीन मिलिमीटर ढळला तरी झोताचा आकार बिघडतो. बल्बाच्या काचेला उघड्या बोटांनी स्पर्श करू नये, कारण त्वचेचा तेलकटपणा तापून काच तेथे कमजोर होते.

झोताचा आकार बिघडू नये याच कारणासाठी हॅलोजनच्या डूममध्ये एलईडीचा सुटा बल्ब खुपसणे मला मान्य नाही. परावर्तकाची वक्रता एका विशिष्ट जागी, विशिष्ट लांबीच्या तंतूसाठी आखलेली असते. तेथे चपट्या पट्टीवरील दोन बाजूंचे एलईडी आले की प्रकाश विखुरतो, गाडीपुढील जमीन पांढरी झळाळते आणि चालकाला उजेड वाढल्याचा भास होतो, पण दूरचा रस्ता काळाच राहतो व समोरच्याचे डोळे मात्र दिपतात. स्वतःच्या भिंगासह घडविलेला संपूर्ण ७ इंची एलईडी दिवा ही वेगळी वस्तू आहे. प्रमाणित असेल तर तो चांगले काम देतो आणि विजेचा खर्चही फार थोडा. जुन्या जीपच्या मुखावर तो मला परका दिसतो, एवढेच.

ज्यांच्याजवळ ६ व्होल्टची आद्य विलीज आहे, त्यांच्या अडचणी थोड्या निराळ्या आहेत. सुमारे ४५ वॅटचे दोन दिवे ६ व्होल्टवर १५ अँपियर ओढतात. एक दशांश ओहमचा तोच रोध येथे दीड व्होल्ट, म्हणजे एकूण दाबाचा चवथा हिस्सा, गिळतो आणि दिव्याचा प्रकाश चाळीस टक्क्यांच्याही खाली उतरतो. १२ व्होल्टच्या गाडीत खपून जाणारा दोष येथे खपत नाही. अशा गाडीत बाजारातील १२ व्होल्टच्या मापाच्या बारीक बॅटरी-केबली बसविलेल्या असतील तर त्या प्रथम काढून जाड घ्याव्यात. ६ व्होल्टचे रिले मिळतात. पण सरसकट सारी गाडी १२ व्होल्टवर नेण्याचा निर्णय घेतला, तर बल्ब, कॉइल, हॉर्न, मीटर आणि डायनॅमो या सर्वांचाच विचार करावा लागतो.

डायनॅमोची मर्यादाही ओळखून असावी. इंजिन सावकाश चालत असताना तो जवळजवळ काहीच निर्माण करीत नाही आणि दिव्यांचा सारा भार बॅटरीवर पडतो. घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या गाडीला हे विशेष जाचते. आल्टरनेटर कमी फेऱ्यांवरही पुरेसा प्रवाह देतो, आणि ज्यांना गाडी नियमित रात्री चालवावयाची आहे त्यांनी हा बदल अवश्य करावा.

शेवटी झोताची दिशा, जिच्याकडे दुर्दैवाने सर्वांत कमी लक्ष दिले जाते. अमेरिकेतून आलेल्या जुन्या सील्ड बीमची काच रस्त्याच्या उजव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीसाठी घडविलेली असते. तिचा खालचा झोत उजवीकडे कललेला असल्याने आपल्याकडे तो थेट समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत शिरतो. म्हणून डूम घेताना डाव्या बाजूच्या वाहतुकीचा, म्हणजे डावीकडची कडा उचलून धरणारा, आहे याची खात्री करून घ्यावी. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत असा दंडक आहे की दिव्यापासून ८ मीटरवर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असलेले डोळे दिपणार नाहीत इतका झोत खाली वळलेला असावा. पूर्वी आपल्याकडे काचेचा वरचा अर्धा भाग काळा रंगवीत. झोताची दिशा नीट लावलेली असेल तर अशा रंगाने प्रकाश फुकट घालविण्याचे कारण उरत नाही. धुक्यात आणि पावसाच्या झडीत अप्पर लावणे निरुपयोगी आहे, कारण जलबिंदूंवरून परावर्तित होणारा उजेड पांढऱ्या भिंतीसारखा आपल्याच डोळ्यांवर येतो. सह्याद्रीच्या पावसाळी रात्री खालचा झोत जितका नेटका, तितकी वाट अधिक दिसते.

दिशा लावण्यासाठी सपाट जागेवर भिंतीपासून १० मीटर अंतरावर गाडी उभी करावी, चाकांतील हवा तपासावी, आणि नेहमी जेवढी माणसे व सामान असते तेवढे आत ठेवावे. प्रत्येक दिव्याच्या केंद्राची उंची भिंतीवर खडूने आखून तिच्या खाली १० सेंटिमीटरवर दुसरी रेघ ओढावी, आणि डिपर लावून झोताची वरची कडा त्या खालच्या रेघेवर येईल अशा बेताने दिव्याच्या कडेचे दोन स्क्रू फिरवावेत. एकाने झोत वर-खाली होतो, दुसऱ्याने डावी-उजवीकडे. मागचे कमानपाटे जुने होऊन बसलेले असतील तर गाडीचे नाक उचलले जाते आणि माणसे मागे बसली की झोत झाडांच्या शेंड्यांवर जातो. तेव्हा आधी पाटे भरून घ्यावेत, मग स्क्रूला हात लावावा.